न्यू जर्सीतल्या स्त्रियांचं मत

अमेरिकेतल्या स्त्रियांना मताधिकार १९२० साली मिळाला, असं आपण सर्रास म्हणतो. ज्या न्यू जर्सीत आज आपण जमलो आहोत, तिथं मात्र तो १७७६ पासून होता आणि १८०७ मध्ये काढून घेण्यात आला. २ जुलै १७७६ ला मंजूर झालेल्या इथल्या राज्यघटनेनं पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या आणि काउंटीत वर्षभर राहिलेल्या प्रत्येक सज्ञान रहिवाशाला मत दिलं. त्यात लिंगाची अट नव्हती, वर्णाचीही नव्हती. ही मसुदा लिहिणाऱ्यांची नजरचूक होती, असं काही अभ्यासक म्हणतात. पण मग १७९० च्या निवडणूक कायद्यात सात काउंट्यांपुरता मतदाराचा उल्लेख 'तो किंवा ती' असा कसा आला, आणि १७९७ मध्ये तो राज्यभर का लागू झाला? नजरचूक विधिमंडळ दोनदा शिक्कामोर्तब करून पक्की करत नाही. लग्न झालेल्या स्त्रीची मालमत्ता कायद्यानं नवऱ्याची ठरत असल्यामुळे मतदान मुख्यतः विधवा आणि अविवाहित स्त्रियाच करत, हे खरं. तरी सॉमरसेट काउंटीतल्या मॉन्टगोमेरी टाउनशिपची १८०१ ची मतदारयादी पाहा: पुरुषांच्या नावांच्या रांगेत चाळीसहून अधिक स्त्रियांची नावं आहेत. त्यांच्या मताला तिथं कुणी अपवाद मानलेलं दिसत नाही.

मग हक्क गेला कसा? एसेक्स काउंटीचं कोर्ट नेवार्कमध्ये बांधायचं की दुसरीकडे, यावर १८०७ मध्ये मतदान झालं आणि त्यात बेसुमार बोगस मतं पडली. पुरुषांनी बायकांचे कपडे घालून पुन्हा मत दिल्याच्या तक्रारीही झाल्या. निवडणूक शुद्ध करायलाच हवी होती, हा त्या वेळचा युक्तिवाद मला मान्य आहे. पण त्यासाठी आणलेल्या नव्या कायद्यात गैरप्रकार करणाऱ्या गोऱ्या पुरुषांचं मत शाबूत राहिलं, उलट करदात्यांना मालमत्तेच्या अटीतून मोकळीक मिळाली. मत गेलं ते स्त्रियांचं, कृष्णवर्णीयांचं आणि नागरिक नसलेल्यांचं. हे विधेयक पुढे रेटणारे जॉन काँडिक्ट १७९७ च्या निवडणुकीत स्त्रियांच्या मतांमुळे हरता हरता वाचले होते, हे इथं विसरून चालणार नाही. राज्यातल्या दोन्ही राजकीय पक्षांनी आपापल्या हक्काच्या मतदारांवर पाणी सोडून केलेला हा सौदा होता. घटनेनं दिलेला हक्क साध्या कायद्यानं, तोही 'शंकानिरसन' म्हणून, काढून घेणं माझ्या मते सरळसरळ घटनाबाह्य होतं. १८४४ च्या नव्या राज्यघटनेनं 'गोरा पुरुष' हे शब्दच लिहून टाकले. न्यू जर्सीतल्या कृष्णवर्णीय पुरुषांना त्यानंतर १८७० पर्यंत थांबावं लागलं, आणि स्त्रियांना १९२० पर्यंत.