नाव आपलं, देश त्यांचा

(गिरीज येथील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



पत्रिकेवर विषय छापलाय ‘प्रसारमाध्यमं आणि वंशभेद’. तो वाचून काहींना वाटलं असेल, आज अमेरिकेच्या गोष्टी ऐकायला मिळणार. अमेरिका येईल, पण ओझरती. आपल्या हिराडोंगरीपासून नालासोपारा पूर्वेचं प्रगतीनगर फार लांब नाही. तिथे आफ्रिकी नागरिक राहतात, आणि हा विषय सगळ्यात जास्त तिथेच आहे. तिथे जाण्याआधी मात्र आपल्याच अंगणातून सुरुवात करू.

1977 च्या मे महिन्यात ‘अमर अकबर अँथनी’ आला. त्यातला अँथनी दारूचा गुत्ता चालवतो, येशूला धंद्यात अर्धा भागीदार मानतो, मारामारी करतो, आरशासमोर स्वतःशीच बोलतो आणि मनानं सोन्यासारखा असतो. मला तो अतिशय आवडतो. अजून टीव्हीवर लागला की मी बसून बघतो. पण ते नाव ज्यांचं, ते अँथनी गोन्साल्विस कोण होते? गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक. मुंबईच्या सिनेसंगीतात त्यांनी मोठं काम केलं, याच सिनेमाचे संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. आपल्याकडचे राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणायचे म्हणून 1958 साली त्यांनी स्वतःचा ऑर्केस्ट्रा उभा केला. शिष्यानं गुरूचं ऋण गाण्यातून फेडलं, हे त्याचं मोठेपण. पण देशाच्या डोळ्यांसमोर आज कोण येतो? ईस्टरच्या भल्या मोठ्या अंड्यातून टोपी घालून बाहेर येणारा गुत्तेवाला. व्हायोलिन खांद्याला लावून स्वरलिपी लिहिणारा माणूस कोणाला आठवतो?

‘बॉबी’तला ब्रगांझा आठवा, ‘ज्युली’तला इंजिन ड्रायव्हर बाप आठवा. दोघांच्याही हातात बाटली. मुलगी आखूड फ्रॉकमध्ये. खलनायकाचा हस्तक रॉबर्ट. गोव्याचा, वांद्र्याचा, अँग्लो-इंडियन आणि वसईचा, सगळे एकाच गाठोड्यात बांधले गेले. आता आपल्याकडचं चित्र बघा. इथल्या सामवेदी ख्रिस्ती आजीनं जन्मभर लाल लुगडं नेसलं, घरात कादोडी बोलली, पहाटे उठून फुलं खुडली, केळी आणि पानवेल सांभाळली, प्रार्थना मराठीत म्हटली. पडद्यावर ती आजी कधी दिसली का? आणि तिचा नातू चर्चगेटला नोकरीला लागला की पहिल्या आठवड्यात त्याला विचारतात, “काय रे, तुमच्यात घरीच सगळे बसतात ना?” विचारणारा वाईट नसतो. तो प्रेमानं विचारतो, त्याला अँथनी आवडतो म्हणूनच विचारतो. साचा द्वेषातून तयार होतो असं आपण धरून चालतो, पण कितीतरी साचे कौतुकातून तयार झालेत.

यात लेखक-दिग्दर्शकाला किती दोष द्यायचा? थोडा द्यायचा. त्याच्याकडे अडीच तास असतात आणि पन्नास पात्रं असतात. टोपी आणि बाटली दाखवली की त्याचं काम भागतं. पण बघणाऱ्याकडे अडीच तास नसतात, त्याच्याकडे आयुष्य असतं. शेजारी राहणाऱ्या, लोकलमध्ये रोज समोर बसणाऱ्या माणसावर त्यानं तीच टोपी चढवली, तर त्याचं बिल दिग्दर्शकाच्या नावावर फाडता येणार नाही.

वसईकरांना हे मी शिकवायला नको. 2019 मध्ये आपल्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 93व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष निवडले गेले. ‘सुवार्ता’चं संपादन करता करता त्यांची हयात गेली, ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, हरित वसईच्या लढ्यात ते रस्त्यावर उतरले होते. आणि साहित्य महामंडळाकडे निषेध पोचले, धमकीचे फोन गेले. त्यांच्या पुस्तकांत काय लिहिलंय, हा वादाचा मुद्दाच नव्हता. अंगातला झगा दिसला आणि तेवढ्यावर निकाल लागला. पाठीच्या दुखण्यानं हैराण असतानाही 2020 च्या जानेवारीत ते उस्मानाबादला गेले आणि उभ्या महाराष्ट्रानं त्यांना ऐकलं. त्या दिवसांत आपल्या गावागावांत जो संताप होता तो मला आठवतो. ‘आम्ही मराठी नाही तर कोण?’ हा प्रश्न प्रत्येक ओट्यावर होता.

आता प्रगतीनगर. माझं आयुष्य वर्तमानपत्राच्या टेबलावर मथळे देण्यात गेलं, म्हणून तिथल्या अटकेची बातमी कशी तयार होते ते सांगतो. पोलिसांचं प्रसिद्धिपत्रक येतं. त्यात आरोपीचं नाव, वय, पत्ता असतो. परदेशी असेल तर राष्ट्रीयत्व असतं. परदेशी माणसाला अटक झाली की त्याच्या वकिलातीला कळवण्याची पद्धत आहे, त्यामुळे ती नोंद लागतेच. यात काही गैर नाही. तालुक्याचा बातमीदार ते पत्रक जवळजवळ तसंच उतरवतो. त्याला दिवसाला अशा पाच-सहा बातम्या द्यायच्या असतात. रात्री साडेदहाला टेबलावर बसलेल्या माणसाकडे दोन कॉलमांची जागा असते. नाव लांबलचक, उच्चार माहीत नाही. ‘नायजेरियन तस्कराला अटक’ एका ओळीत बसतं आणि डोळ्यांत भरतं. घानाचा, आयव्हरी कोस्टचा, टांझानियाचा माणूसही या घाईत नायजेरियन होऊन जातो. आपला माणूस पकडला गेला की त्याला आडनाव असतं, गाव असतं, वकील असतो, ‘कथित’ हा शब्दही मिळतो. त्यांच्या माणसाला फक्त देश मिळतो.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. 2005 मध्ये कतरिना वादळानं न्यू ऑर्लिन्स बुडालं, तेव्हा दोन वृत्तसंस्थांची दोन छायाचित्रं गाजली. दोन्हींत छातीभर पाण्यातून माणसं खाण्यापिण्याचं सामान घेऊन चाललेली. काळ्या तरुणाच्या छायाचित्राखाली लिहिलं होतं, दुकान लुटून आला. गोऱ्या जोडप्याच्या छायाचित्राखाली, त्यांना दुकानात सामान सापडलं. अमेरिका संपली. चला परत नालासोपाऱ्याला.

2022 च्या ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकानं नालासोपाऱ्यातून सुमारे 700 किलो मेफेड्रोन पकडलं. किंमत सांगितली गेली चौदाशे कोटी रुपये. आपल्या तालुक्याच्या इतिहासातली ही प्रचंड जप्ती. अटक झालेल्या पाच जणांत एकही आफ्रिकी नव्हता. त्यातला एक रसायनशास्त्राचा पदव्युत्तर पदवीधर असल्याचं बातम्यांत ठळकपणे छापलं होतं. मग दुसऱ्या दिवशी वसईतल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेकडे कोणी संशयानं पाहिलं का? एमएस्सी केमिस्ट्री झालेल्या पोराला कोणी खोली नाकारली का? नाकारली नाही, आणि ते बरोबरच झालं. पाच जणांचा गुन्हा पाच जणांच्या नावावर राहिला.

मला माहीत आहे, समोर प्रगतीनगरच्या बाजूला फ्लॅट असलेली माणसंही बसली आहेत. ती म्हणतील, तुम्ही गिरीजच्या वाडीत राहून बोलता, रात्री दोनला खाली आरडाओरडा होतो तो आम्ही ऐकतो. त्यांचं खरं आहे. तिथे आफ्रिकी नागरिकांना कोकेनसह पकडल्याच्या घटना खऱ्या आहेत, व्हिसा संपूनही राहणारे आहेत, त्रास खरा आहे. तो झाकून समतेवर भाषण करणं मला जमणार नाही. ज्यानं विकलं त्याला पकडा, ज्याचा व्हिसा संपला त्याला कायद्यानं परत पाठवा. पण त्याच गल्लीत कपड्याचे गठ्ठे बांधून लागोसला पाठवणारा व्यापारी राहतो. आजारी नातेवाइकाला मुंबईच्या इस्पितळात घेऊन आलेली बाई राहते, दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून प्रार्थनेला जाणारं कुटुंब राहतं. त्या कुटुंबातल्या बापाला रिक्षावाला थांबत नाही. का थांबत नाही, याचं उत्तर त्या बापानं काय केलं यात सापडत नाही.

इथे एक युक्तिवाद हटकून येतो: मग त्यांच्यातले चांगले लोक पुढे येऊन वाइटांचा निषेध का करत नाहीत? वरवर हा व्यक्तीच्या जबाबदारीचा मुद्दा वाटतो, पण तो नेमका उलटा आहे. जबाबदारी म्हणजे मी केलं त्याचं उत्तर मी देणं. मी न केलेल्याचं उत्तर माझ्याकडे मागायचं आणि ते मी दिलं नाही तर मला दोषी धरायचं, याला जामीनकी म्हणतात, आणि ती कोणी जन्मानं लादू शकत नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये आपल्याच पालघर जिल्ह्यात, गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. टाळेबंदीत मुलं पळवणाऱ्यांची, चोरांची अफवा फिरत होती, त्यातून हे घडलं. तीन निरपराध माणसं गेली. आणि मृतदेह थंड होण्याआधी फोनवर आणि वाहिन्यांवरच्या चर्चांत शोध सुरू झाला तो धर्माचा: कधी मुसलमान, कधी मिशनरी. अटकेतल्या शंभराहून अधिक जणांत एकही मुसलमान नाही, हे सांगायला राज्याच्या गृहमंत्र्यांना यादी जाहीर करावी लागली. जिल्हा एकच म्हणून वसईच्या ख्रिस्ती माणसालाही तेव्हा बाहेरगावचे फोन आले, “तुमच्याकडे हे काय चाललंय?” त्या फोनवर आपण काय उत्तर दिलं? आमचा काय संबंध, एवढंच ना? तेच उत्तर प्रगतीनगरचा व्यापारी देतो, तेव्हा आपल्याला ती पळवाट वाटते.

गोव्यात तर याहून विलक्षण झालं. 2013 च्या ऑक्टोबरअखेर पर्रा इथे एका नायजेरियन माणसाचा खून झाला. त्याच्या देशबांधवांनी संतापून महामार्ग अडवला. रस्ता अडवणं चूकच, त्यावर कारवाईही झाली. पण चर्चा फिरली ती खून झालेल्याच्या देशावर. एका मंत्र्यानं तर नायजेरियनांना कर्करोगाची उपमा दिली आणि नंतर माफी मागितली. खून झालेला माणूस बातमीतून बाहेर पडला आणि त्याचा देश आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. मंत्र्याच्या तोंडून निघालेल्या शब्दाला माध्यमांनी जागा दिली, पण शब्द मंत्र्याचा होता, आणि माफीही त्यालाच मागावी लागली. एवढी सरळ जबाबदारी फार क्वचित दिसते. फोनवर पुढे पाठवलेल्या मजकुराची माफी कोण मागतो? पाठवणारा म्हणतो, “आलं ते पुढे ढकललं, मी कुठे लिहिलं?”

आणखी एक वर्ष सांगतो, 2017. फेब्रुवारीत अमेरिकेत कॅन्ससमध्ये श्रीनिवास कुचिभोतला या हैदराबादच्या अभियंत्याला एका गोऱ्यानं गोळी घातली. त्या मारेकऱ्याला तो इराणी वाटला होता. आपण सगळे हादरलो. ज्यांची मुलं न्यू जर्सीत आणि टेक्सासात आहेत त्यांनी रात्र जागून काढली. त्यानंतर महिना-सव्वा महिन्यात ग्रेटर नोएडात एका शाळकरी मुलाचा मृत्यू झाला, शेजारच्या नायजेरियन विद्यार्थ्यांवर संशय घेतला गेला, ती पोरं माणसं खातात इथपर्यंत अफवा गेली. आणि मेणबत्ती मोर्चातून निघालेल्या जमावानं मॉलमध्ये सापडलेल्या, त्या मुलाला आयुष्यात कधी न भेटलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्यांना खुर्च्यांनी मारलं. फेब्रुवारीत कॅन्ससच्या बातमीखाली हळहळणारी आणि मार्चमध्ये ‘बरं झालं’ म्हणणारी माणसं वेगवेगळी होती, असं मी मानत नाही.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलंय. प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न कोणता येणार ते मला ठाऊक आहे, म्हणून आत्ताच उत्तर देऊन टाकतो. ‘तुमची खोली रिकामी असेल तर तुम्ही एखाद्या नायजेरियनला द्याल का?’ देईन. पासपोर्ट आणि व्हिसाची तारीख बघेन, नोंदणीकृत करार करेन, आणि परदेशी माणूस राहायला आल्याची जी माहिती घर देणाऱ्यानं 24 तासांत कळवायची असते, तिचा फॉर्म भरेन. भाडं शेजारच्या खोलीइतकंच घेईन. तालुक्यात आज काही मालक काय करतात, तर दुसरीकडे घर मिळत नाही हे हेरून जास्त भाडं रोखीत घेतात, करार करत नाहीत, फॉर्म भरत नाहीत, आणि पोलीस आले की वार्ताहराला सांगतात, “साहेब, या लोकांनी आमचा एरिया बिघडवला.” दुसऱ्या दिवशीच्या बातमीत भाडेकरूचा देश छापून येतो. मालकाचं नाव येत नाही.

वार्ताहर मंडळी मागच्या रांगेत बसली आहेत. आजच्या कार्यक्रमाची बातमी देतील तेव्हा माझं गाव छापायला हरकत नाही.