जिथली वस्तू तिथं
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी सांगितलं की निवृत्तीनंतर जो तो काय करतो ते प्रत्येकानं दहा मिनिटांत सांगायचं. कुणी शेतीवर बोललं, कुणी नातवंडांवर. मी घरामागच्या पत्र्याच्या खोलीत लाकडाचं लेथ चालवतो. लाटणी, ताकाच्या रव्या, भोवरे, पाळण्याचे खांब, एखादं वाडगं असं काहीबाही कातत बसतो. पण आज बोलणार आहे ते हत्यारं ठेवण्याबद्दल. विषय तुम्हाला किरकोळ वाटेल, पण दहा मिनिटं ऐका.

हे काम आपल्याकडं नवीन नाही. लाकूड फिरवून त्याला गोल आकार देणाऱ्याला आपण कातारी म्हणतो. बाजेचे पाय, पलंगाचे खूर, पाळणे हे त्याचंच काम. सावंतवाडीच्या चितार आळीत आजही लाकडी फळं आणि खेळणी लेथवर उतरतात. पूर्वी एकजण दोरी ओढून लाकूड फिरवायचा आणि कातारी जमिनीवर बसून पटाशी धरायचा. त्याची हत्यारं गुडघ्याजवळ, हाताच्या अंतरावर मांडलेली असायची. आता मोटार आली आणि आपण उभं राहून काम करतो. पण हत्यार हाताच्या अंतरावर पाहिजे हा नियम तोच आहे.

आता माझी मांडणी सांगतो. भिंतीवर एक फळी आहे. तिच्यावर बोअरच्या कामातून उरलेल्या दोन इंची पीव्हीसी पाइपाचे वीतभर तुकडे ओळीनं बसवलेत. ते थोडे मागं कललेले आहेत, म्हणजे हत्यार पुढं लवंडत नाही. पाइपाचं खालचं तोंड उघडं ठेवलंय, त्यामुळं भुसा साचत नाही. प्रत्येक नळीत एकच पटाशी. धारेला धार लागली की दोन्ही बोथट होतात, म्हणून डब्यात दहा हत्यारं एकत्र उभी करायची नाहीत.

धार खाली आणि दांडा वर. असं ठेवलं तर घाईत हात गेला तरी बोट कापत नाही. पण मग कुठली पटाशी कुठली हे कळायचं कसं? त्यासाठी दांड्यांना रंगाचे पट्टे मारलेत. लाल पट्टा रफिंग गाऊजचा, म्हणजे चौकोनी ओंडका पहिल्यांदा गोल करायची ती रुंद पटाशी. हिरवा पट्टा बाऊल गाऊजचा, वाडगं कोरायची. हा फरक शोभेचा नाही. रफिंग गाऊजचं दांड्यात शिरणारं शेपूट पातळ असतं. वाडग्याच्या कामात लाकडाचे रेषे आडवे येतात, हिसका बसतो, आणि ते शेपूट मोडून पातं तोंडाकडं उडू शकतं. म्हणून लाल आणि हिरवी कधी शेजारी ठेवत नाही. मध्ये तिरकी पटाशी, पार्टिंग टूल आणि स्क्रेपर. कार्बन पोलादाच्या जुन्या पटाश्यांना पांढरा ठिपका आहे. ग्राइंडरवर धरून धार निळी पडली की त्यांचं पाणी उतरतं, म्हणून त्या वरचेवर पाण्यात बुडवाव्या लागतात. हायस्पीड स्टीलची ती कटकट नाही.

रॅक लेथच्या मागं नाही, उजव्या बाजूला आहे. मागं असला तर फिरत्या लाकडावरून हात न्यावा लागतो. तिथं सैल बाही, ओढणी, बांगडी काहीही अडकू शकतं. चकच्या चावीला स्वतंत्र खिळा आहे. चावी खिळ्यावर दिसल्याशिवाय बटण दाबायचं नाही हा आमच्या खोलीचा कायदा आहे. चावी चकमध्ये राहिली आणि मोटार सुरू झाली, तर ती कुणाच्या कपाळावर जाईल हे देवच जाणे.

आता एक गोष्ट खास आपल्या जिल्ह्याची. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट इथल्या कुणालाच विसरता येणार नाही. रात्री गणपती विसर्जन झालं होतं आणि तीन वाजून छप्पन मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. त्या भूकंपानं शिकवलं की जड वस्तू डोक्याच्या वर ठेवायची नसते. म्हणून माझ्याकडं चक, लोखंडी ठोकळे, टूल रेस्टचे जादा पाय हे सगळं गुडघ्याच्या खालच्या कप्प्यात आहे. पटाश्यांची फळी छातीच्या उंचीला, भिंतीत पक्की ठोकलेली. वरच्या मांडणीवर फक्त हलकी वाळलेली लाकडं, तीही पुढं पट्टी मारून. भिंतीला रॅक टेकवून ठेवणारे कुणी असाल, तर घरी गेल्यावर आधी दोन खिळे ठोका.

आपली हवा कोरडी, पण पावसाळ्यात गंज येतोच. त्यात बाभळीचं ओलं लाकूड कातलं की त्यातल्या टॅनिननं पोलाद काळं पडतं. काम संपलं की फडकं फिरवायचं, मग शिलाई मशीनच्या तेलाचा हात. जवसाचं तेल लाकडाला छान, पण त्याची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटतात. दोरीवर पसरून वाळवायची, नाहीतर पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. ग्राइंडरही भुशापासून लांब ठेवलाय, कारण त्याच्या ठिणग्या भुशावर पडल्या तर खोलीच जाईल. आणि नातवंडं येतात म्हणून मोटारीचं मेन स्विच कुलपात.

वर्षातून एकदा मोजदाद होते, ती खंडेनवमीला. तुळजापूरला नवरात्राची गर्दी उसळलेली असते, तेव्हा आपल्या घरोघरी हत्यारांची पूजा होते. मी आदल्या दिवशी सगळी हत्यारं पाटावर काढतो, पुसतो, ज्यांना हवी त्यांना धार लावतो, ढिले दांडे घट्ट करतो. फळीवर प्रत्येक हत्याराच्या जागी त्याची आकृती रंगवलेली आहे. एक जागा रिकामी राहिली तर हळदकुंकू थांबतं, आधी ती पटाशी सापडायला हवी.

हे सगळं का सांगतोय? आपल्या वर्गात सुताराच्या घरचे तिघेजण होते. त्यातल्या एकाच्या वडिलांची पेटी त्यांच्या माघारी किलोच्या भावानं भंगारात गेली. घरच्यांना दोष देत नाही. पेटीत सगळं एकत्र, गंजलेलं, गोणपाटात गुंडाळलेलं. कुठलं हत्यार कशाचं हे सांगणारा माणूस गेला, मग ते नुसतं लोखंड उरलं. तीस-चाळीस वर्षं तळहातानं गुळगुळीत केलेले दांडे त्याच तराजूत गेले.

म्हणून माझ्या फळीवर प्रत्येक नळीखाली मराठीत एक ओळ लिहिलेली आहे: हत्याराचं नाव, काम, आणि धार किती कोनात ती. डोळे साथ देईनात म्हणून अक्षर मोठं आहे. पण खरं कारण वेगळं. उद्या मी नसलो तरी नातीनं फळीसमोर उभं राहून वाचावं आणि योग्य पटाशी उचलावी. मागच्या सुट्टीत तिनं गॉगल लावून, केस बांधून, माझ्या शेजारी उभं राहून पहिला भोवरा कातला. काम झाल्यावर पटाशी पुसून नळीत ठेवली, ती मी न सांगता. भोवऱ्यापेक्षा मला त्याचं जास्त कौतुक वाटलं.

आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या माळ्यावर वडिलांचं काही ना काही पडून असेल. सुताराची पेटी असो, शिंप्याची कात्री असो, नाहीतर दवाखान्यातली जुनी बॅग. यंदाच्या खंडेनवमीला ती खाली काढा, पुसा, आणि कशाला काय म्हणतात ते चिठ्ठीवर लिहून सोबत बांधा. लाकडाच्या हत्यारांबद्दल काही अडलं तर रविवारी दुपारी माझी खोली उघडी असते. चहा मिळेल, फक्त चपला घालून या, खाली भुसा असतो.