रोबोट मालकावर का उलटतो?

(कामगार अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वेतन आयोग, ड्युटी रोस्टर, पेन्शन हे आपल्या अभ्यासवर्गाचे नेहमीचे विषय. आज विषयपत्रिकेवर रोबोटचे नाव पाहून काही साथींनी विचारले की, युनियनचा आणि सिनेमातल्या रोबोटचा संबंध काय? संबंध जुना आहे. रोबोट हा शब्द जन्मला तोच मुळी कामगाराच्या प्रश्नातून. आणि आज प्रत्येक शाखेत तरुण सभासद विचारतात की, ही नवी हुशार यंत्रे उद्या आपल्यावर उलटणार का? त्याचे उत्तर शोधताना, गोष्टींतला नवा तयार झालेला रोबोट नेहमी उलटतो तो का, हे आधी पाहिले पाहिजे.

हा शब्द चेक भाषेतला. कारेल चापेक नावाच्या लेखकाने १९२० साली 'आर. यू. आर.' हे नाटक लिहिले आणि १९२१ च्या जानेवारीत ते रंगभूमीवर आले. यंत्रमानवाला नाव काय द्यावे हे चापेकला सुचेना. त्याचा चित्रकार भाऊ योसेफ याने 'रोबोट' हा शब्द सुचवला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने फुकट करायचे सक्तीचे काम. मराठी माणसाला याचा अर्थ फोड करून सांगायला नको. आपल्याकडे त्याला वेठ म्हणतात. बोहेमियातल्या शेतकऱ्यांनी १७७५ साली या वेठीविरुद्ध बंड केले, तेव्हा राणी मारिया थेरेसाने तिच्यावर मर्यादा घातली. ती पुरती नष्ट झाली १८४८ साली. म्हणजे रोबोट या शब्दाचा सरळ मराठी अर्थ वेठबिगार. आपल्या देशात वेठबिगारी बंदीचा कायदा झाला १९७६ साली, हेही ध्यानात ठेवावे.

चापेकने पुढे सांगितले आहे की, प्रागला जाणाऱ्या खच्चून भरलेल्या ट्राममध्ये उभ्या माणसांकडे पाहून त्याला ही कल्पना सुचली. ती माणसे त्याला माणसे न वाटता यंत्रे वाटली. मुंबईच्या लोकलची गर्दी रोज वाहून नेणाऱ्या आपल्या साथींना हे लगेच पटेल.

नाटकाची गोष्ट थोडक्यात अशी. एका बेटावर रोबोटचा कारखाना आहे. हे रोबोट लोखंडाचे नाहीत. रासायनिक पदार्थापासून बनवलेले, दिसायला माणसासारखेच आहेत. थोरल्या रोसुमला माणूस घडवायचा होता. धाकटा रोसुम इंजिनियर. त्याने हिशेब केला की, कामगाराला आनंद होणे, बाजा वाजवावासा वाटणे, फिरायला जावेसे वाटणे याचा कामाला काय उपयोग? जे कामाला लागत नाही ते त्याने काढून टाकले. उरला तो रोबोट, सगळ्यांत स्वस्त कामगार.

आता एक बारीक तपशील बघा. या रोबोटांना दुखत नाही. यंत्रात हात गेला तरी कळत नाही, आणि मालाचे नुकसान होते. म्हणून कारखान्याचे डॉक्टर त्यांना वेदना द्यायचे ठरवतात. दयेपोटी नव्हे, अपघात टाळून पैसा वाचवण्यासाठी. पुढे मालकिणीच्या आग्रहावरून त्यांना थोडी अधिक माणसासारखी जाणीवही दिली जाते. ज्याला दुखू लागले तो एक दिवस विचारणारच की, मला का दुखते आहे, आणि कोणामुळे? वेदना द्यायची, पण तक्रारीला जागा द्यायची नाही. बंडाची सुरुवात इथे आहे.

मध्यंतरी जगात काय घडते? कामगार रोबोटांवर चिडतात आणि त्यांची मोडतोड करतात. मग रोबोटांच्या हाती शस्त्रे देऊन त्यांना कामगारांवर घातले जाते. सरकारे त्यांचे सैनिक करतात. म्हणजे माणसे मारायला रोबोटला आधी माणसांनीच शिकवले. पुढे तो तेच काम मालकावर करतो, तेव्हा मात्र सगळे म्हणतात, रोबोट कृतघ्न निघाला!

रेल्वे आणि टपालवाल्यांनी नीट ऐकावा असा या नाटकातला एक प्रसंग आहे. बेटावरच्या साहेबलोकांना बंडाची कुणकुण लागलेली असते. तेवढ्यात टपालाची बोट अगदी वेळापत्रकाप्रमाणे येते. साहेब आनंदाने नाचतात. वेळापत्रक पाळले जाते आहे, म्हणजे जग ठाकठीक चालले आहे! प्रत्यक्षात त्या बोटीतून येतात रोबोटांची पत्रके, सगळ्या रोबोटांना उठावाची हाक देणारी. गाडी वेळेवर आली म्हणजे कामगार समाधानी आहे, असे धरून चालणारे साहेब आपण सर्वांनीच पाहिले आहेत. गाडी वेळेवर आणणाऱ्याच्या मनात काय आहे, हे वेळापत्रकात छापलेले नसते.

शेवटी रोबोट सगळ्या माणसांना मारतात. एकालाच जिवंत ठेवतात, अल्क्विस्ट नावाच्या बांधकामवाल्याला. कारण तो स्वतःच्या हातांनी काम करतो.

कोणी म्हणेल, ही तर आपली भस्मासुराचीच गोष्ट. तसे नाही. भस्मासुर माजला तो वर मिळाल्यामुळे. रोबोटला वर मिळालेला नव्हता, वेठ मिळाली होती.

चापेक काही कामगार चळवळीचा लेखक नव्हता. त्याचे रोबोटही आदर्श नाहीत. त्यांच्या पुढाऱ्याला मालकशाही संपवायची नाही, त्याला स्वतःच मालक व्हायचे आहे. म्हणून त्यांचा विजय होतो आणि जग ओसाड पडते. हा इशारा आपल्यालाही लागू आहे.

इतर गोष्टींत कारणे वेगळी दिसतात. मेरी शेली या तरुणीने लिहिलेली 'फ्रँकेन्स्टाइन' कादंबरी १८१८ साली आली. शास्त्रज्ञ जिवंत प्राणी घडवतो आणि त्याचे रूप पाहून पळून जातो. ना नाव, ना सांभाळ. जिथे जाईल तिथे त्याला हाकलतात, आणि मग तो सूडाला उठतो. हा काळ कोणता? इंग्लंडमध्ये पोटावर पाय आलेले विणकर यंत्रे फोडत होते. १८१२ साली यंत्र फोडणाऱ्याला फाशी देण्याचा कायदा झाला. त्याला लॉर्ड्सच्या सभागृहात विरोध करणारा कवी बायरन हाच. १८१६ साली जिनिव्हाजवळ त्याच्याच संगतीत मेरी शेलीने ही कथा रचायला घेतली.

१९२७ चा जर्मन सिनेमा 'मेट्रोपोलिस' घ्या. त्यात कामगारांचा विश्वास असलेल्या मारियाचे रूप रोबोटला दिले जाते, तेही शहराच्या मालकाच्या सांगण्यावरून. ही नकली मारिया कामगारांना भडकवते. ते मुख्य यंत्र फोडतात आणि पाणी शिरते ते त्यांच्याच वस्तीत, जिथे त्यांची मुले असतात. रोबोट वैरी झाला खरा, पण हुकूम कोणाचा होता?

१९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या सिनेमात हाल नावाचा संगणक अंतराळवीरांना मारतो. का मारतो, याचा खुलासा लेखक आर्थर क्लार्कने १९८२ च्या पुढच्या कादंबरीत केला. या संगणकाला खरी माहिती द्यायला घडवले होते, आणि वरून हुकूम आला की मोहिमेचा हेतू सोबत्यांपासून लपव. परस्परविरोधी हुकूमांत तो बिघडला. बंधूंनो, हे आपल्या रोजच्या ओळखीचे आहे. एक परिपत्रक म्हणते, प्रत्येक नियम पाळा. दुसरे म्हणते, एक मिनिटही उशीर नको. आपण नियमानुसार काम आंदोलन केले की, दोन्ही एकदम जमत नाही हे उघड होते. पण अपघात झाला तर चार्जशीट मिळते ती हुकूम पाळणाऱ्याला, काढणाऱ्याला नाही.

काही म्हणतील, रोबोट उलटला नाही तर गोष्टच होणार नाही. यात तथ्य आहे. मुकाट्याने काम करणाऱ्यावर कोण नाटक लिहितो? आयझॅक असिमोव्ह या लेखकाला तर या उलटणाऱ्या रोबोटांचा कंटाळा आला होता. त्याने १९४२ च्या एका कथेत रोबोटांचे तीन नियम मांडले. माणसाला इजा करू नये, माणसाची आज्ञा पाळावी, आणि या दोन्हींना बाध न येता स्वतःला सांभाळावे. नियम चांगले आहेत. पण आम्ही ते युनियनच्या चष्म्यातून वाचले, तेव्हा दिसले की त्यात रोबोटची कर्तव्ये आहेत, हक्क एकही नाही. आज्ञा देणाऱ्यावर तर एकही बंधन नाही.

म्हणून आम्हांला वाटते की, उलटणारा रोबोट हे मालकाला पडणारे स्वप्न आहे. ज्याने फुकट राबवून घेतले, त्याला रात्री भीती वाटतेच की हा हात एक दिवस आपल्यावर उठेल.

आपल्याला ते स्वप्न उसने घेण्याचे कारण नाही. आपले संगणक वेठीला कंटाळून बंड करणार नाहीत. त्यांना भूकही नाही आणि रागही नाही. तारयंत्राने कोणत्याही तारबाबूचे वाईट केले नव्हते. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली ती माणसांनी केलेल्या निर्णयाने. पद रद्द होते ते यंत्राने नव्हे, तर फाईलवर सही झाल्यावर. वाद घालायचा तो त्या सहीशी.

आणि खरा रोबोट बघायचा असेल तर आपल्या शेजारीच बघा. कंत्राटावर डबे धुणारा, पिशव्या उचलणारा कामगार. तो हजेरीपटावर केवळ आकडा असतो. त्याला काम आहे, पण उद्याची खात्री नाही. धाकट्या रोसुमने जे काढून टाकले तेच याच्यापासून काढून घेतले आहे. त्याला आपण आपला म्हटले नाही, तर उद्या संपाच्या वेळी त्यालाच आपल्यासमोर उभे केले जाईल. 'आर. यू. आर.' मध्ये हेच घडले.

तेव्हा प्रत्येक शाखेने पुढच्या सभेत तीन ठराव घ्यावेत. एक, कोणतेही नवे यंत्र किंवा संगणक-पद्धत आणण्यापूर्वी युनियनशी चर्चा आणि कामगारांना प्रशिक्षण. दोन, यंत्रामुळे वाचलेल्या वेळेचा वाटा कामाचे तास कमी करून कामगारालाही मिळावा, आणि कोणाची नोकरी जाऊ नये. तीन, आपल्या आवारातल्या कंत्राटी कामगारांची नावे, पगार आणि सुट्ट्या यांची यादी महिनाभरात तयार करून ती केंद्रीय कार्यालयाला पाठवावी. यादीत आकडे नकोत, नावे हवीत.

कामगार एकजुटीचा विजय असो!