गंगाघाटावरची सकाळ आणि कॅमेरा



कोकणातला माणूस पहाटे समुद्राच्या धक्क्यावर जाऊन उभा राहतो, तसा आमचा नाशिककर गंगेवर जातो. नदीचे नाव गोदावरी. पण इथे कोणी 'गोदावरीवर जातो' असे म्हणत नाही, 'गंगेवर जाऊन येतो' असेच म्हणतो. आता या मंडळींच्या हाती कॅमेरा नाही तर फोन असतोच. कळसामागून सूर्य वर आला, पाणी तांबूस झाले की फोटो निघतो, आणि इतर हजार फोटोंच्या गर्दीत तो हरवूनही जातो. मला आज सांगायचे आहे ते एवढेच की, घाटाचा फोटो ही नुसती शोभेची वस्तू नव्हे. तो एक कागद आहे. सात-बाराचा उतारा आपण जसा जपून ठेवतो, तसा तो जपला पाहिजे.

मग त्यासाठी पहाटच का, असे कोणी विचारील. याचे उत्तर नदीच्या वळणात आहे. ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदावरी पूर्वेकडे वाहत येते आणि रामकुंडापाशी दक्षिणेकडे वळते. त्यामुळे पंचवटी पूर्वेच्या काठावर आली आणि जुने नाशिक पश्चिमेच्या काठावर. सूर्य पंचवटीमागून वर येतो. गावाच्या बाजूला उभे राहिलात, तर समोरची देवळे उजेडापुढे काळी दिसतील. त्यांचा आकार तेवढा कळेल. पूल ओलांडून पंचवटीच्या काठावर आलात, की सूर्य तुमच्या पाठीशी आणि गावचा काठ समोर उजळलेला. आधी शिखरे, मग भिंती, शेवटी पायऱ्या. १७५६ साली बांधलेले सुंदरनारायणाचे मंदिर याच काठावर, पूर्वेला तोंड करून उभे आहे.

सकाळचे ऊन तिरपे असते. शेतातले तास सकाळी किंवा तिन्हीसांजेला किती स्पष्ट दिसतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पायऱ्यांचेही तसेच. प्रत्येक पायरीची सावली खालच्या पायरीवर पडते. पावलांनी झिजलेला खोलगटपणा, टाकीचे घाव, दोन दगडांमधला सांधा, सारे त्या उन्हात वाचता येते. भर दुपारी तोच दगड सपाट आणि मुका वाटतो.

पहाटे उजेड थोडा, म्हणून कॅमेऱ्याला अधिक वेळ उघडे राहावे लागते. हात हलला की चित्र पुसट झालेच. तिवई नसली तरी चालेल. कठड्यावर कॅमेरा टेकवा आणि श्वास रोखून कळ दाबा. १८३८ च्या सुमारास फ्रान्समध्ये दागेर याने पॅरिसच्या एका रहदारीच्या रस्त्याचे चित्र घेतले. कॅमेरा इतका वेळ उघडा होता, की येणारी-जाणारी माणसे चित्रात उमटलीच नाहीत. एका जागी थांबून बूट पुसून घेणारा एक माणूस तेवढा उमटला. जे स्थिर, ते राहिले.

ही विद्या आपल्याकडे फार लवकर आली. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्यात होते. आणि त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके तर आपलेच. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्रा'आधी त्यांनी काय केले? कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी ठेवला आणि रोज थोडे थोडे चित्रण करून अंकुर कसा वाढतो ते दाखविले. जागा तीच, विषय तोच. बदलला तो काळ. घाटाच्या फोटोचे मर्म हेच आहे.

आमच्याकडे पुराची मोजणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीवरून होते. मारुतीच्या कमरेला पाणी लागले, गळ्याला लागले, अशी बातमी गावभर फिरते. त्याहून मोठा पूर आला, की लोक नारोशंकराच्या घंटेकडे पाहतात. मंदिर १७४७ चे. घंटा १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आणलेली. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टात मोठे पूर आले. ज्या फोटोत मारुती आहे आणि खाली तारीख आहे, त्यावरून पाणी किती चढले होते ते पुढेही सांगता येईल. तारीख नसेल, तर तो फोटो मुका.

दुसरी गोष्ट. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो: २००३, २०१५, २०२७. दर वेळी घाटावर बांधकाम होते. २००३ च्या सुमारास पात्रात काँक्रीट पडले आणि जुनी कुंडे त्याखाली गेली, म्हणून ते काढावे अशी मागणी पुढे न्यायालयापर्यंत पोचली. असा वाद निघाला, की 'पूर्वी इथे काय होते?' हा प्रश्न येतो. आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत. तेव्हा जुना नकाशा आणि जुना फोटो यांनाच साक्षीदाराचे मोल येते.

एक पथ्य मात्र पाळा. रामकुंडावर कोणी स्नान करीत असतो, कोणी आईबापांच्या अस्थी घेऊन आलेला असतो. त्यांच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नका. पायऱ्या कुठे जात नाहीत, थोडे थांबा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. घाट नाशिकलाच असतो असे नाही. तुमच्या गावी बारव असेल, ओढ्यावरचा बंधारा असेल, वेशीचा दरवाजा असेल. मुलांकडून उभे राहण्याची एक जागा ठरवून घ्या, तिथे खूण करा. वर्षातून दोनदा, समजा २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला, सकाळी झेंडावंदनाआधी तिथूनच एक फोटो घ्या. मागे तारीख, वेळ आणि कुठून घेतला ते लिहा, आणि कागदावर छापून शाळेच्या कपाटात ठेवा. फोन बदलतात, कपाट राहते. दहा वर्षांत वीस फोटो होतील. गावाचा इतका खरा इतिहास दुसऱ्या कुठल्या पुस्तकात सापडायचा नाही.