घेवड्याची रोपे: खोलीतून गच्चीवर

द्विदल धान्याला मोड आणण्याची विद्या मराठी स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वाल रात्री भिजत घालावेत, सकाळी उपसून ओलसर फडक्यात बांधून ठेवावेत आणि मोड आले म्हणजे सोलून त्यांचे बिरडे करावे, हे कोकणातल्या कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. बीज जागे कसे होते, त्याला पाणी, ऊब आणि हवा या तिन्ही गोष्टी कशा लागतात, हे ज्ञान या रीतीत आहेच. मात्र स्वयंपाकघरातल्या मोडाचा प्रवास पातेल्यात संपतो. बागकाम करणाऱ्याची खरी परीक्षा मोड आल्यानंतर सुरू होते. घरात रुजलेल्या घेवड्याच्या रोपाला उघड्या आकाशाखाली कसे न्यावे, आणि पहाडगंजसारख्या दाट वस्तीत हे कसे साधावे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

पहाडगंज या नावाचा सरळ अर्थ टेकडीजवळचा बाजार असा होतो. जुन्या दिल्लीच्या अजमेरी दरवाजाच्या पश्चिमेस, रेल्वेमार्गाच्या पलीकडे ही वस्ती पसरली आहे आणि नवी दिल्ली रेल्वे स्थानकाचे एक प्रवेशद्वार तिच्याकडेच उघडते. 1947 च्या फाळणीनंतर येथे अनेक निर्वासित कुटुंबांनी आसरा घेतला. मराठी मंडळींनाही हा भाग परका नाही. नूतन मराठी शाळा येथेच आहे. गल्ल्या अरुंद, घरे एकमेकांना टेकलेली आणि जमीन अशी कोणाच्याच वाट्याला नाही. बाग करावयाची तर ती गच्चीवर आणि रोपे वाढवावयाची तर ती खिडकीत, एवढाच मार्ग उरतो.

कोकणातून किंवा देशावरून येथे आलेल्या माणसाला पहिली अडचण पडते ती ऋतूंची. कोकणात भाताची कापणी झाली की जमिनीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर वाल पेरतात. तेथे रोपे घरात वाढविण्याचे कारणच नाही. दिल्लीची गोष्ट निराळी आहे. जानेवारीत येथील रात्रीचे तापमान सरासरीने 7 ते 8 अंश सेल्सिअसपर्यंत उतरते आणि काही रात्री ते याहूनही बरेच खाली जाते. घेवड्याचे बी 10 अंशांच्या खाली जवळजवळ रुजतच नाही. थंड ओल्या मातीत ते कुजते. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात हवा सौम्य होते. परंतु एप्रिलमध्ये दुपारचे तापमान 36 अंशांच्या आसपास पोहोचते आणि मे महिन्यात ते 40 च्या घरात जाते. तापमान 30 ते 32 अंशांच्या वर टिकून राहिले की घेवड्याची फुले शेंग न धरताच गळू लागतात. म्हणजे थंडी आणि उन्हाळा यांच्यामध्ये या पिकाला मिळणारी फट फार अरुंद आहे. थंड देशांत लोक केवळ हिमापासून वाचविण्यासाठी घेवडा घरात रुजवितात. दिल्लीत तो पुढे येणाऱ्या उन्हाळ्याला गाठण्यापूर्वी शेंगा मिळाव्यात म्हणून रुजवावा लागतो. घरात वाचविलेले दोन-तीन आठवडे हेच या सर्व खटाटोपाचे मोल होय.

येथे घेवडा म्हणजे कोणता, हे स्पष्ट केले पाहिजे. वाल आणि पावटा ही आपल्या देशातील जुनी पिके आहेत. ज्याला मुंबई-कोकणाकडे फरसबी आणि पुण्याकडे श्रावणघेवडा म्हणतात, तो मात्र अमेरिका खंडातून आलेला पाहुणा आहे. राजमाही त्याच जातीचे वाळलेले दाणे होत. मेक्सिको व मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत अशा दोन प्रदेशांत माणसाने हे पीक स्वतंत्रपणे लागवडीत आणले, आणि युरोपीयांच्या मार्फत ते भारतात पोहोचले. या घेवड्याचे दोन प्रकार आहेत: बुटका, झुडपासारखा वाढणारा, आणि आधाराला गुंडाळत जाणारा वेल. गच्चीसाठी बुटका बरा, कारण तो वाऱ्याला कमी सापडतो आणि पेरणीपासून साधारण 50 ते 60 दिवसांत शेंगा देऊ लागतो.

पहाडगंजच्या पश्चिमेस काही किलोमीटरवर भारतीय कृषी संशोधन संस्था आहे. 1905 मध्ये बिहारमधील पुसा या गावी स्थापन झालेली ही संस्था 1934 च्या भूकंपानंतर, 1936 मध्ये दिल्लीत आली आणि आपले जुने नाव बरोबर घेऊन आली; आजही दिल्लीकर तिला पुसा म्हणूनच ओळखतात. या संस्थेच्या कुलू खोऱ्यातील कटराईन केंद्रात क्ष-किरणांच्या प्रयोगातून ‘पुसा पार्वती’ हा बुटका वाण निवडला गेला. ‘कंटेंडर’ हा अमेरिकेतून आणलेला बुटका वाणही उत्तर भारतात परिचित आहे. नवशिक्याने यांपैकी एखादा घ्यावा.

आता पेरणीकडे वळू. जानेवारीचा शेवटचा आठवडा हा घरात बी घालण्याचा योग्य काळ होय. येथे स्वयंपाकघरातील सवय थोडी बाजूला ठेवावी लागते. बिरड्यासाठी वाल रात्रभर बुडवून ठेवतात. पेरावयाचे फरसबीचे बी असे बुडवू नये. पाण्यात फार वेळ राहिलेल्या दाण्याला हवा मिळत नाही, त्याचे दल चिरते आणि आतील अन्नरस बाहेर झिरपतो. थंड पाणी शोषल्याने होणारी इजा तर याहून वाईट असते. म्हणून कोरडे बी ओलसर, कोमट मातीत अडीच ते तीन सेंटीमीटर खोल घालावे. माती भुसभुशीत असावी. बागेची माती, बारीक वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत समप्रमाणात मिसळले तरी चालते. 20 ते 25 अंशांच्या उबेत आठवड्याभरात अंकुर दिसतो. जानेवारीत खोली तितकी उबदार नसते, म्हणून भांडी रात्री स्वयंपाकघरात चुलीपासून थोड्या अंतरावर ठेवावीत.

भांड्याची निवड ही गौण बाब नव्हे. घेवड्याचे मूळ दुखावले गेलेले त्याला सोसत नाही. कोबी किंवा टोमॅटोचे रोप उपटून दुसरीकडे लावले तरी ते सावरते. घेवडा तसा सावरत नाही. म्हणून प्रत्येक बी स्वतंत्र भांड्यात असावे आणि रोप हलविताना मुळांभोवतीची माती तशीच राहावी. यासाठी महागड्या साहित्याची गरज नाही. वर्तमानपत्राच्या कागदाची नळी, पानांचा द्रोण किंवा दिल्लीत चहा-लस्सीसाठी मिळणारा मातीचा कुल्हड पुरेसा आहे. तिन्हींच्या तळाला छिद्र मात्र पाडावे. कागद आणि द्रोण मातीत विरतात, तेव्हा ते जसेच्या तसे पुरता येतात. कुल्हड लावणीच्या वेळी हलकेच फोडून काढावा लागतो.

अंकुर वर येण्याची रीत पाहण्यासारखी असते. प्रथम मूळ खाली जाते. मग दाण्याखालचा देठ कमानीसारखा वाकून मातीतून डोके काढतो आणि सरळ होताना दोन्ही दले आपल्याबरोबर वर ओढून आणतो. वाटाणा आपली दले मातीतच ठेवतो, घेवडा ती उचलतो. या दलांत रोपाची पहिली शिदोरी असते. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत खत देण्याची घाई करू नये. पुढे येणारी पहिली दोन पाने साधी, हृदयाच्या आकाराची असतात. त्यानंतरचे पान तीन पर्णिकांचे असते. हा फरक लक्षात ठेवावा, कारण लावणीची वेळ त्यावरूनच ठरते.

खोलीतील रोपांचा पहिला शत्रू म्हणजे अंधार, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. भर उन्हात प्रकाशाची तीव्रता सुमारे 1 लाख लक्स असते. खिडकीशेजारी ती बहुधा काही हजारांवर येते आणि खोलीच्या मध्यभागी काही शेकड्यांवर. माणसाचा डोळा स्वतःला जुळवून घेतो, म्हणून त्याला खोली उजळ वाटते. रोप मात्र उपाशी असते. ते प्रकाशाच्या शोधात उंच, फिकट आणि लवचिक होत जाते, आणि खिडकीकडे वाकते. हे वाकणे चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी गवताच्या कोंबावर प्रयोग करून अभ्यासले आणि त्यावरील ग्रंथ 1880 मध्ये प्रसिद्ध केला. पुढे फ्रिट्स वेंट या शास्त्रज्ञाने दाखविले की, वाढीस चालना देणारे एक द्रव्य सावलीच्या बाजूला अधिक जमते, ती बाजू अधिक लांबते आणि कोंब उजेडाकडे झुकतो. अरुंद गल्लीवरील घरात म्हणूनच दक्षिणेकडची खिडकी निवडावी, भांडी काचेजवळ ठेवावीत आणि रोज अर्धा फेरा फिरवावीत.

दुसरा शत्रू अति पाणी. मातीच्या पृष्ठभागाशी देठ काळा, सडका होऊन रोप एका रात्रीत कोलमडते, हा रोग मातीतील बुरशीमुळे होतो. साचलेले पाणी आणि कोंडलेली हवा त्याला पोषक ठरतात. बोट मातीत खुपसून वरचा थर कोरडा लागला तरच पाणी घालावे, तेही सकाळी. एकदा कोलमडलेले रोप वाचत नाही.

यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत अधिक दुर्लक्षित आहे. तीन आठवडे निगुतीने वाढविलेली रोपे एका स्वच्छ सकाळी उत्साहाने गच्चीवर नेली जातात आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची पाने पांढरट पडून करपतात. मग दोष बियाण्याला किंवा मातीला दिला जातो. वस्तुतः दोष असतो तो घाईचा. सावलीत वाढलेल्या पानावर मेणाचा थर पातळ असतो. एकाएकी मिळालेला प्रखर प्रकाश त्याच्या हरितद्रव्याला पेलत नाही. आणि वाऱ्यात त्याच्यातील पाणी मुळांना पुरविता येते त्याहून वेगाने उडून जाते. हे सर्व बदलू शकते, पण त्याला दिवस लागतात.

म्हणून लावणीपूर्वी आठ ते दहा दिवस रोपांना बाहेरची सवय लावावी. पहिल्या दिवशी सकाळचे कोवळे ऊन तासभर, तेही कठड्याच्या आडोशाला. दुसऱ्या दिवशी दोन तास. चौथ्या-पाचव्या दिवशी अर्धा दिवस. या काळात पाणी किंचित कमी करावे, पण रोप मलूल होऊ देऊ नये. शेवटच्या दोन-तीन रात्री भांडी बाहेरच ठेवावीत, मात्र रात्रीचे तापमान 10 अंशांच्या खाली जाणार नसेल तरच. या आठवड्यात वाढ मंदावल्यासारखी दिसते. त्याने खट्टू होण्याचे कारण नाही. पाने जाड, गडद होत असतात आणि देठ टणक होत असतो.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, साधी पाने पूर्ण उघडली आणि त्रिदल पान डोकावू लागले की लावणी करावी. संध्याकाळची वेळ उत्तम. कुंडी किंवा डबा किमान 25 सेंटीमीटर खोल असावा. तुपा-तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे चालतात, परंतु मार्चच्या उन्हात पत्रा तापतो आणि मुळे भाजतात. त्याभोवती गोणपाट गुंडाळावे. दोन रोपांत 15 ते 20 सेंटीमीटर अंतर ठेवावे. पारवे आणि खारी कोवळे कोंब खुडतात, म्हणून पहिले दोन आठवडे वर जाळी घालावी. उत्तर भारतातील मैदानी प्रदेशांत या पिकाच्या मुळांवर नत्र साठविणाऱ्या गाठी क्वचितच नीट धरतात, तेव्हा डाळीचे पीक म्हणून खत टाळू नये. लावणीनंतर पंधरा दिवसांनी शेणखताची वरखते द्यावीत.

गच्चीविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. एक घनफूट ओल्या मातीचे वजन 45 ते 50 किलो भरते. पहाडगंजमधील कित्येक इमारती जुन्या आहेत. डबे गच्चीच्या मध्यभागी एकत्र न मांडता खाली भिंत असेल अशा कडेने एका रांगेत ठेवावेत, आणि पाण्याचा निचरा मोरीकडे होईल असे पाहावे. चार शेंगांसाठी छताला ओल लावणे हे शहाणपण नव्हे.

यावर एक शंका रास्त आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस सरळ डब्यातच बी पेरले तर काय बिघडते? पुष्कळदा काहीच बिघडत नाही. उबदार मातीत पेरलेले बी झपाट्याने वर येते, आणि खिडकीत लांबुडकी झालेली, सवय न लावता बाहेर काढलेली रोपे त्याच्या मागे पडतात. घरात वाढविलेले रोप सरस ठरते ते केवळ तिन्ही अटी पाळल्या तर: मूळ न दुखविणे, पुरेसा प्रकाश देणे आणि सवय लावणे. यांपैकी एकही जमणार नसेल, तर सरळ पेरावे आणि शेंगा थोड्या मिळतील हे मान्य करावे. अटी पाळल्या, तर मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात पहिली खुडणी होते आणि उन्हाळा भिडण्यापूर्वी तीन-चार आठवडे भाजी मिळते.

एप्रिलच्या मध्यानंतर फुले गळू लागली की घेवड्याशी हट्ट धरू नये. मार्चमध्येच शेजारच्या डब्यात चवळी पेरून ठेवावी. तिला उष्णता मानवते आणि तिच्यासाठी खिडकी, कुल्हड यांपैकी कशाचीच गरज नसते. घेवड्याचे वाळलेले रोप उपटू नये, मातीलगत कापावे म्हणजे मुळे कुजून मातीतच राहतात. चार-सहा उत्तम शेंगा झाडावर वाळू देऊन त्यांचे बी कोरड्या डब्यात जपावे. पुढच्या जानेवारीत तेच बी पुन्हा कामास येईल, आणि दिल्लीची थंडी व उन्हाळा ओलांडून आलेल्या झाडाचे ते बी असेल.