लघवीतून कर्करोगाचा शोध
(व्याख्यानाचा सारांश)



विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. कोणी जवळ जाईना. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले. ज्या गोष्टीची लोक किळस करतात, तिच्याकडे करुणेने आणि उघड्या डोळ्यांनी पाहावे, हे त्यातून आम्ही शिकतो. आजचा आमचा विषयही तसाच आहे.

आपली मूत्रपिंडे अखंड रक्त गाळीत असतात. त्यामुळे शरीरातील पेशींनी बाहेर टाकलेली अनेक रसायने लघवीत उतरतात. काही कर्करोगांच्या पेशी विशिष्ट पदार्थ फार मोठ्या प्रमाणात तयार करतात. ते लघवीत सापडले, तर सुई न टोचताही रोगाचा माग लागू शकतो.

ही कल्पना नवी नाही. लंडनचे डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे १८४५ मध्ये एका रुग्णाची लघवी तपासणीस आली. तिच्यात एक चमत्कारिक प्रथिन होते. बेताचे तापवले की ते साकळे, उकळले की विरघळे आणि थंड होताना पुन्हा दिसू लागे. तो रुग्ण अस्थिमज्जेच्या कर्करोगाने, म्हणजे मल्टिपल मायलोमाने, आजारी होता. 'बेन्स जोन्स प्रथिन' या नावाने ते आजही ओळखले जाते.

दुसरे उदाहरण जपानचे. न्यूरोब्लास्टोमा हा लहान मुलांचा कर्करोग. त्यात व्हीएमए व एचव्हीए ही रसायने लघवीत वाढतात. म्हणून १९८० च्या दशकात जपानने सहा महिन्यांच्या बाळांची देशभर लघवी-तपासणी सुरू केली. पुष्कळ बाळांत रोग सापडला. पण जर्मनी व कॅनडा येथील अशाच तपासण्यांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा असे दिसले की, तपासणीमुळे मृत्यू कमी झाले नव्हते. सापडलेल्या गाठींपैकी अनेक आपोआप विरून जाणाऱ्या होत्या. अशा बाळांवर विनाकारण शस्त्रक्रिया व औषधांचा मारा झाला. २००४ मध्ये जपानने ही मोहीम थांबवली. रोग सापडणे वेगळे आणि माणूस वाचणे वेगळे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

२००४ मध्येच इंग्लंडमध्ये सहा कुत्र्यांना मूत्राशयाच्या कर्करोगाची लघवी वासावरून ओळखण्यास शिकवले गेले. सात नमुन्यांतून एक निवडायचा होता. नुसत्या योगायोगाने १४ टक्के वेळा बरोबर आले असते. कुत्र्यांनी ४१ टक्के वेळा ओळखले. म्हणजे वासात काहीतरी खूण आहे हे खरे. पण निम्म्याहून अधिक वेळा ती चुकली हेही खरे.

कालामांना तथागतांनी सांगितले की, केवळ ऐकीव आहे किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका, तपासून पाहा. "एका थेंबात सगळे कर्करोग कळतील" अशी जाहिरात कोणी केली, तर आपण तीन प्रश्न विचारावेत. किती आजारी माणसे या तपासणीतून निसटतात? किती निरोगी माणसांना ती आजारी ठरवते? आणि तिच्यामुळे मृत्यू खरोखर कमी होतात काय?

एक गोष्ट मात्र आजच करता येईल. लघवीतून रक्त गेले, एकदाच गेले, दुखले नाही, तरी ते लपवू नका. मूत्राशयाच्या कर्करोगाचे ते नेहमीचे पहिले लक्षण आहे. रक्त जाण्याची इतरही कारणे असतात. पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. ते लघवीतील पेशी, सोनोग्राफी, गरज पडल्यास दुर्बिणीची तपासणी करतील. बिडी-सिगारेटच्या धुरातील विषे मूत्रपिंडांतून मूत्राशयात येऊन साठतात, म्हणून धूम्रपान करणाऱ्यांना हा धोका अधिक. रंगांच्या कारखान्यांत काही रसायने हाताळणाऱ्या कामगारांनाही तो असतो. आपल्या वस्त्यांतील आयाबहिणी लाजेपोटी गप्प बसतात. त्यांना बोलते करणे, सोबत दवाखान्यात नेणे, हे या संस्थेच्या प्रत्येक सभासदाला जमण्यासारखे काम आहे.

पंचशीलातील पाचवे शील आपण दर पौर्णिमेला घेतो. त्यासोबत बिडी आणि तंबाखूही सोडू या, एवढीच विनंती करून आम्ही थांबतो.

जयभीम! नमो बुद्धाय!