किडनी बदलल्यानंतर



किडनी प्रत्यारोपण झालेला माणूस घरी येतो तो गोळ्यांची मोठी पिशवी घेऊन. काही दिवसांत चहाचा कप धरताना हात थरथरू लागतो, चेहरा गोल दिसतो, भूक आवरत नाही. घरचे घाबरतात, शरीरानं किडनी नाकारली की काय? बहुतेक वेळा तसं नसतं. थरथर टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीची असते, गोल चेहरा आणि भूक स्टेरॉइडची. डोस खाली येतो तसा हा त्रास बहुधा ओसरतो. डॉक्टरांना तो जरूर सांगा, पण मनानं गोळी कमी करू नका.

फसगत होते ती उलट बाजूनं. शरीर किडनी नाकारू लागलं तरी सुरुवातीला बहुधा काहीच दुखत नाही. माणूस हिंडता-फिरता असतो आणि रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावल्याचं दाखवणारा आकडा, वर सरकत असतं. म्हणून ‘बरं वाटतंय, तपासणी पुढच्या महिन्यात करू’ असं कुणी म्हटलं की मला फार काळजी वाटते. टॅक्रोलिमसची पातळी मोजायची असेल, तर सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्या. गोळी घेऊन गेलात तर आकडा फसवा येतो.

ताप मात्र अंगावर काढू नका. औषधांनी प्रतिकारशक्ती दबलेली असते, त्यामुळे ताप थोडा आणि संसर्ग मोठा असं होऊ शकतं. ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला, लघवी कमी झाली, वजन एकदम वाढलं, किंवा नवी किडनी बसवलेल्या ठिकाणी, म्हणजे ओटीपोटाच्या एका बाजूला दुखू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. उलट्या-जुलाबही साधे समजू नका. उलटीत गोळी पडून जाते. जुलाबात अंगातलं पाणी घटतं, आणि टॅक्रोलिमसची पातळी चढूही शकते.

अंगदुखीवर मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणू नका, त्यांनी किडनीला इजा होते. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन टॅक्रोलिमसची पातळी पाडतं, तर क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक ती चढवतं. तेव्हा दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी आधी प्रत्यारोपणाचं सांगा.

आणि नातेवाइकांना एक कळकळीची विनंती. प्रेमापोटी गुळवेलीचा काढा देऊ नका. जी प्रतिकारशक्ती आम्ही डॉक्टर औषधांनी मुद्दाम दाबून ठेवतो, तीच चेतवली गेली तर नव्या किडनीवर उलटू शकते. काढा, चूर्ण, ताकदीची पावडर, काहीही सुरू करायचं असेल तर आधी तुमच्या किडनीच्या डॉक्टरांना विचारा.